घडी कुणी मोडली

मी साडी नेसतो हे आमच्या कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना माहीत आहे. चाकणला जाणारी बस मोशीला थांबली आणि मी चढलो की मागून कुणीतरी हमखास म्हणतं, "सरका राव, वहिनींना बसू द्या." मी बसतो. सुरुवातीला चिडायचो. चिडलं की चेष्टा दुप्पट होते हे कळायला थोडे दिवस लागले, आणि त्यानंतर खरं सांगायचं तर मला ती चेष्टा आवडायलाच लागली. पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमध्ये अर्धं आयुष्य गेलं, तिथं सुपरवायझरला माझं नाव धड आठवत नाही. साडी नेसायला लागल्यापासून मात्र दुसऱ्या लाइनवरची माणसंही कँटीनमध्ये हात करतात.

दुकान बायकोचं. आम्ही मूळचे बीडकडचे. इथं आल्यावर तिनं आधी शेजारपाजारच्या बायकांना घरातूनच साड्या विकल्या, मग इमारतीखालचा गाळा भाड्यानं घेतला. आमच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी. त्यामुळे गुरुवारी मी दुकानात असायचो. गठ्ठे उतरव, चहा सांग, गिऱ्हाइकाच्या लहान पोराला सांभाळ, असली कामं. साडी दाखवायची वेळ आली की मी पदर माझ्याच खांद्यावर टाकून दाखवायचो. साडीच्या दुकानातले पुरुष हे कायमच करत आलेत. चांगला मिशाळ सेल्समन गादीवर उभा राहून छातीवर पदर पसरतो आणि समोरच्या बायका त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत, काठ बघतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

मग बायकोनं ठरवलं, आपणही फोनवर लाइव्ह करायचं. सगळ्याच करत होत्या. फोन स्टँडला लावायचा, एकेक साडी दाखवायची, बघणाऱ्या बायका खाली नंबर टाकतात आणि साडी बुक होते. प्रश्न एवढाच होता की नेसणार कोण. बायकोला बोलायचं होतं, शिवाय तिची उंची कमी. मुलीला विचारलं तर तिनं घर सोडून जाण्याची धमकी दिली. दुकानात प्लॅस्टिकचा एक पुतळा होता, पण त्याचा हात कायमचा कमरेवर, त्यामुळे पदर हवा तसा पडायचा नाही. बायकोनं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, तुम्हीच उभे राहा.

टी-शर्ट आणि ट्रॅक पँटवरच तिनं मला साडी नेसवली. मिशी होती तशीच. लाज झाकायला काहीतरी बोलायचं म्हणून मी डोक्यावर पदर घेतला आणि बारीक आवाजात म्हणालो, अहो, ऐकलंत का, डबा भरून ठेवलाय. फोनवर नुसता हसण्याचा पूर आला. संध्याकाळ व्हायच्या आत गठ्ठा संपला.

त्यानंतर माझ्या अंगातच आलं म्हणा ना. दर गुरुवारी नवा नखरा. मान वेळावायची, ओठ मुरडायचे, पदर उडवायचा. एका गुरुवारी पदर खोचला, कंबर वाकडी केली आणि सिग्नलवर मागणारे तृतीयपंथी वाजवतात तशी हातावर हात आडवा मारून टाळी वाजवली. तो व्हिडिओ सगळ्यात जास्त फिरला. बसच्या ड्रायव्हरनंसुद्धा तशी टाळी वाजवून माझं स्वागत केलं. यानं कुणाला काही लागत असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

पुढच्याच आठवड्यात ती दुकानात आली. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या दुकानांमधून मागत फिरणाऱ्या तृतीयपंथीयांपैकी ती एक. तोंडओळख होती. उंच, सावळी, केसांचा घट्ट अंबाडा, अंगावर साधी सुती साडी, पण निऱ्या अशा बसलेल्या की एकही हललेली नाही. बायकोनं सवयीनं गल्ल्यातून नोट काढली. तिनं ती घेतली नाही. मला विचारलं, तो टाळीचा व्हिडिओ तुमचाच ना. मी हो म्हणालो आणि मनातल्या मनात भांडणाची तयारी केली.

"दादा," ती म्हणाली, "साडी तुम्हीच नेसणार, टाळीपण तुम्हीच वाजवणार. मग आम्ही करायचं काय?"

मी हसलो. ती हसली नाही. तिनं सरळच सांगितलं की तिला काम हवंय. आजवर बऱ्याच ठिकाणी विचारलं. कुणी बघू म्हणालं, कुणी नोट पुढे केली, काम कुणी दिलं नाही. मागून खायचा कंटाळा आलाय. तुम्हाला साडी नेसून उभं राहणारं माणूस लागतं आणि मला साडी नेसता येते, यापेक्षा जास्त तिचं म्हणणं नव्हतं. काउंटरची कड घट्ट धरून ती उभी होती, ते माझ्या नंतर लक्षात आलं. तेव्हा मी फक्त विचार करत होतो की ही आता जाईल कधी.

बायको तिच्या निऱ्यांकडेच बघत होती. म्हणाली, ये गुरुवारपासून.

मला ते आवडलं नाही. मी कारण गिऱ्हाइकांचं सांगितलं, लोक काय म्हणतील ते सांगितलं, पण खरी गोष्ट अशी की माझी जागा जाणार होती. नेसायला ती आली तर मला कोण बघणार? हे तोंडानं कबूल करण्याइतका मी खुळा नव्हतो. म्हणून मी एक तोडगा काढला. तिला उभी करा, पण फोन खाली लावा. मानेपासून खाली दिसेल एवढंच दाखवायचं, बोलायचं मी. मी हे बोललो तेव्हा ती समोरच होती. मान नको तर नको, म्हणाली आणि पदर सारखा केला.

साड्या तिच्या अंगावर फार सुरेख दिसायच्या, हे मलाही मान्य करावं लागलं. माझ्या अंगावर साडी म्हणजे गंमत. तिच्या अंगावर साडी म्हणजे साडी. बायका विचारायला लागल्या, ही कोण उभी केलीत, किती छान उंची आहे. एकदा मी लाइव्हमध्येच उत्तर दिलं, अहो पुतळा आहे, नवीन आणलाय, जुन्याचा हात कमरेवरून निघत नव्हता. सगळे हसले. तिनं श्वाससुद्धा मोठा घेतला नाही, खरंच पुतळ्यागत उभी राहिली, कारण हलली असती तर माझं खोटं उघडं पडलं असतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून मी पुढचा विनोद सोडला नाही.

ती देहूरोडला तिच्यासारख्याच चौघींबरोबर खोली करून राहायची. आई लातूरकडच्या गावात. घर सोडून बरीच वर्षं झाली होती. आई अधूनमधून फोनवर बोलायची, पण हिनं गावात पाऊल टाकायचं नाही ही आईची अट. लेकरू भीक मागतं हे तिला कुणीतरी येऊन सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ती फोनवर फक्त जेवलास का एवढंच विचारायची. काम मिळाल्यावर हिनं मोठ्या उत्साहानं दुकानातला फोटो पाठवला. आईनं तो शेजारच्या मुलाकडून बघून घेतला आणि म्हणाली, हे कुणीबी असंल, ह्याला तोंड कुठाय?

हे तिनं बायकोला साडी नेसता नेसता सांगितलं. मी पडद्याच्या अलीकडे होतो. एकदाच, फक्त एका साडीत, तोंडासकट दाखवाल का, एवढं तिनं मागितलं. आईला दिसलं पाहिजे की मी उभी राहून काम करते. बायकोनं नुसती पिन मागितली. पण त्या गुरुवारी ती मोरपंखी साडी नेसून पुढे आली तेव्हा बायकोनं मला न विचारता स्टँड वर ओढला.

पाच-सात मिनिटंच असतील. तिनं पदर दाखवला, काठावर विणलेली मुनिया पक्ष्यांची रांग दाखवली, मग म्हणाली, नमस्कार, मी या दुकानात काम करते. आवाज थोडा फाटला होता. खाली काही घाण शेरे आले, काही बायकांनी लाल बदाम टाकले, एकीनं लिहिलं, ताई तुम्ही खूप छान दिसता. तो शेरा तिनं बायकोकडून दोनदा वाचून घेतला. तिच्या आईचा फोन दुसऱ्याच दिवशी आला म्हणे. उभं राहून पाय दुखत असतील, मधी बसायला देत्यात का, असं विचारलं. आणि शेवटी म्हणाली, मी येते एकदा, मला बघायचंय. हे सांगताना तिच्या हातातली पिन खाली पडली आणि ती सापडेपर्यंत आम्ही तिघं जमिनीवर रांगत होतो. त्या दिवशी आमच्या दुकानात माझ्याशिवायही हसायला कारण होतं.

त्यानंतर काकू आल्या.

काकू म्हणजे मोशीच्या जुन्या गावातल्या. जमिनी गेल्या, त्यावर सोसायट्या झाल्या, पण घर मोठं आणि मान तसाच. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि बस्ता, म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी, त्या आमच्याकडे बांधणार होत्या. एवढ्या मोठ्या घरचा बस्ता आमच्या गाळ्यात पहिल्यांदाच येत होता. बायकोनं सकाळपासून दुकान दोनदा झाडलं होतं. गुरुवार असल्यानं मी होतोच. ती आतल्या पडद्यामागे लाइव्हसाठी साडी नेसत होती.

काकूंनी आहेराच्या साड्या भराभर काढल्या. मग मोरपंखी साडी हातात घेतली, तीच, आणि उलटून पालटून बघायला लागल्या. फोनवर त्यांनी ती बघितली होती आणि मुलीच्या साखरपुड्यासाठी त्यांना तीच हवी होती. निऱ्यांच्या जागी हलक्या चुण्या राहिल्या होत्या. काकूंचं बोट तिथं थांबलं.

"हिची घडी कुणी मोडली?" त्यांनी विचारलं. "त्या दिवशी ती उभी व्हती, तिनं?"

नवी साडी पहिल्यांदा नेसणं म्हणजे घडी मोडणं. आमच्याकडे त्याला मान असतो. लग्नानंतर माझ्या बायकोनं पहिली चांगली साडी घेतली तेव्हा स्वतः न नेसता आधी माझ्या बहिणीला दिली, तू घडी मोड म्हणून. जी घडी मोडते तिचं काहीतरी त्या साडीला लागतं असं बायका मानतात. दुकानात खांद्यावर पदर टाकला तर कुणी ते धरत नाही. पण निऱ्या घालून, पिना लावून, नेसून उभं राहिलं की घडी मोडली.

ती येण्याआधी कितीतरी महिने मी दर गुरुवारी साड्यांच्या घड्या मोडत होतो. त्या साड्या लोकांनी डोहाळजेवणाला नेल्या, मंगळागौरीला नेल्या, आणि माझ्याबद्दल हा प्रश्न एकाही बाईनं कधी विचारला नव्हता. हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं, अगदी काकूंसमोर उभा असताना. पण लक्षात येणं वेगळं आणि त्याप्रमाणे बोलणं वेगळं.

काकू पुढे सांगत होत्या की पोरीची साखरपुड्याची साडी हाय, आमच्यात घडी मोडायला सवाष्ण लागती, तुमी लोकांनी हे बगायला नको का. आवाज चढला नव्हता. उलट समजावणीचाच होता. आहेराच्या बाजूला काढलेल्या साड्यांवर त्यांचा हात होता, आणि तो हात आता उचलला जाईल असं मला वाटलं. बायकोनं तोंड उघडलं. ती काय बोलणार होती ते मला आजही माहीत नाही, कारण तिच्याआधी मी बोललो.

"नाही काकू," मी म्हणालो. "ती साडी दुसरी होती, त्याच रंगाची. हिची घडी मीच मोडली."

काकूंनी माझ्या मिशीकडे बघितलं आणि खळखळून हसल्या. "मग हरकत न्हाई," म्हणाल्या. "तुमचं काय, तुमी गडीमाणूस."

बस्ता बांधला गेला. मोरपंखी साडी सगळ्यांत वर ठेवून काकू उठल्या आणि जाताना सहज म्हणाल्या, साखरपुड्याला तिला मात्र पाठवा, तिच्यासारखीचा आशीर्वाद चांगला असतो. तोंडानं दिलेला आशीर्वाद त्यांना हवा होता, अंगाला लागलेली साडी नको होती. मी हो हो म्हणत गाडीपर्यंत गठ्ठा नेऊन दिला.

परत आलो तर ती पडदा सारून उभी होती, अर्धी साडी नेसलेली, बाकीची हातावर. पडदा कापडाचाच. सगळं ऐकू आलं होतं.

"बरं केलंत दादा," ती म्हणाली. "बस्ता गेला असता."

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर सोपं झालं असतं. मी शिव्यांची वाट बघत होतो. ती पुन्हा आत गेली आणि निऱ्या घालू लागली.

रात्री जेवताना बायकोनं विचारलं की खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं. मी म्हणालो, बस्ता गेला असता. ती गप्प बसली. बस्ता तिलाही हवाच होता, आणि त्या गप्प बसण्यामुळे मला जरा बरं वाटलं, हेही सांगून टाकतो. दोषात वाटेकरी मिळाला की माणूस सुखावतो. पण ते सुख टिकलं नाही. काकूंचा विचार डोक्यातून जाईना. काकूंच्या लेखी माझं नेसणं म्हणजे नेसणंच नव्हतं. सोंग होतं, म्हणून चालत होतं. तिचं नेसणं त्यांनी खरं धरलं होतं. खरं धरलं म्हणून तर हरकत घेतली. म्हणजे ती साडी खरोखर नेसली, एवढं तरी त्या बाईनं मानलं होतं, आणि मी पुढे होऊन तेच पुसून टाकलं. तिच्या नावावर एक साडी होती, तीही मी माझ्या नावावर करून घेतली.

खोटं एकदा बोलून भागत नाही. काकूंनी चार घरी सांगितलं की तिथं साड्या तो गडीच नेसून दाखवतो, ती नुसती एकदा उभी राहिली होती. पुढच्या लाइव्हला खाली प्रश्न आला, दादा, घडी कुणी मोडली? मी हसत म्हणालो, मीच. लोकांना ते इतकं आवडलं की ते माझं पालुपदच झालं. साडी उघडायची, डोळा मारायचा, म्हणायचं, घडी मीच मोडणार. मग अर्थातच मीच नेसायला हवं. फोन वर गेला आणि त्यात मी आलो. तिला बायकोनं फॉल लावायला, इस्त्रीला बसवलं. पगार तोच ठेवला. पायांना आराम मिळतो, एवढंच ती म्हणाली. साखरपुड्यालाही ती गेली नाही. इस्त्रीचं टेबल फोनच्या मागे असतं, त्यामुळे लाइव्ह चालू असताना मला समोर तीच दिसायची. मी नखरे करायचो आणि ती वाफेत मान घालून असायची. सगळं गाव हसत असताना तिच्याकडे बघायचं नाही, हे मी शिकून घेतलं.

एके दिवशी तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं की आई येतेय, पुढच्या गुरुवारी. "त्या दिवशी मी..." एवढं बोलून ती थांबली. पुढचं वाक्य मला येत होतं. मी म्हणालो, बघू.

बघू या शब्दाचा अर्थ इकडे सगळ्यांना कळतो. तिलाही कळला. मी मनाशी कारणं जुळवली. सण जवळ आलाय, काकूंच्या सुना न चुकता बघतात, एकदा का खोटं उघडं पडलं की दुकानच बसेल आणि मग तिचंही काम जाईल, म्हणजे हे तिच्याच भल्यासाठी आहे. कारणं चांगली होती. तरी आठवडाभर मी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसलो.

आई गुरुवारी आली. बारीक बाई, हातात पिशवी, डोळ्याला चष्मा, त्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. लाइव्ह नुकतं सुरू झालं होतं. मी जांभळी साडी नेसून उभा होतो, डोक्यावर पदर. लेकीनं इस्त्री बाजूला ठेवून तिला स्टूल दिलं. आईनं आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. ती हळू आवाजात विचारत होती, तरी मला ऐकू आलं, हे तर इस्त्री करायलंय, फोनात उभं होतं ना? मी फोन सोडून मान वळवली आणि म्हणालो, आज माझी शिफ्ट आहे मावशी. सगळे हसले. लेक पुन्हा टेबलाशी गेली.

थांबता आलं असतं. बायको माझ्याकडे बघत होती. स्टँडवर तिचा हात होता आणि मी नुसती मान हलवली असती तरी तिनं फोन बंद केला असता, किंवा लेकीला पुढे बोलावलं असतं. मी मान वेळावली ती नखऱ्यासाठी. डबा भरून ठेवलाय म्हणालो, घडी मीच मोडणार म्हणालो, सगळं सगळं केलं. आणि मी बघितलं, स्टुलावर बसलेली ती आई पदर तोंडाला लावून हसत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती.

लाइव्ह संपलं, बायको चहा सांगायला गेली. मी पिना काढायला लागलो. आईनं चष्मा पुसला आणि मला विचारलं की तुमची माय हाय का. आहे, म्हणालो, गावाकडे असते.

"तिनं बघितलंय का तुम्हाला असं?"

"बघते की. दर गुरुवारी."

"मग काय म्हणती?"

मी म्हणालो, हसते. शेजारणींना बोलावून दाखवते. तिनं मान हलवली. तिला ते पटल्यासारखं दिसलं. मग तिनं टेबलाकडे बघितलं. तिथं इस्त्री थांबली होती.

"मीबी आत्ता हसले," ती म्हणाली. "ह्या लेकरानं माझं लुगडं नेसलं होतं तवा मी काठी घेतली. घरातनं काढलं." तिनं पिशवी मांडीवर घेतली. "तुमच्यावर हसू आलं मला. ह्याच्यावर का नसंल आलं?"

ती रागानं विचारत नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, आणि ते मला माहीत असेल असं तिला वाटत होतं. लेक इस्त्रीवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. साडी अजून माझ्याच अंगावर होती.